बेसणं, दर गुरुवारी चार ते सहा

माझं ब्लडप्रेशर वाढायला एकच बाई जबाबदार आहे, आणि नेमकं तिच्यावरच मी लिहावं म्हणून रेश्मा दोन महिने माझ्या मागे लागली आहे. "मेधाबेन, एवढ्या फायली लिहिता तुम्ही, एक नलूबेनवर लिहा ना." मी म्हटलं, बये, नलूबेनवर लिहायचं म्हणजे सगळा मनस्ताप पहिल्यापासून उकरून काढायचा. पण रेश्मा ऐकणाऱ्यातली नाही. तेव्हा लिहिते, आणि रागावूनच लिहिते, कारण शांतपणे ह्या बाईंबद्दल बोलणं मला कधी जमलेलंच नाही.

बडोद्यात मराठी बाईच्या नावापुढे 'ताई' लागणार की 'बेन', हे तिच्या शेजारपाजाऱ्यांवर अवलंबून असतं. प्रतापनगरला रेल्वे क्वार्टर्सच्या मागच्या अंगाला एका टेनामेंटमध्ये चाळीस वर्षं काढल्यावर नलिनीताईंच्या नलूबेन झाल्या. टेनामेंट म्हणजे आमच्याकडे एकाला एक लागून बांधलेली बैठी घरं. पुढे ओटा, ओट्यावर झोपाळा, बाहेर लोखंडी फाटक. आजेसासरे संस्थानच्या दप्तरात होते म्हणे, पण ते सांगायचे कष्ट नलूबेननी कधी घेतले नाहीत. यजमान रेल्वेच्या वर्कशॉपात होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी लग्न होऊन सुरतेला. आणि नलूबेन स्वतः स्टेशनावर चौकशीच्या खिडकीत. तीस वर्षं.

ही खिडकी लक्षात ठेवा, कारण माझ्या सगळ्या हालांचं मूळ तिच्यात आहे.

"तीस वर्षं लोकांनी मला विचारलं," त्या म्हणायच्या. "गाडी कधी, कुठल्या फलाटावर, उशीर का, किती उशीर. माझ्या वाट्याचे प्रश्न संपले. आता मी कुणाला काही विचारायची नाही."

तुम्हाला वाटेल, म्हातारी माणसं असं काहीतरी बोलतात. मलाही तसंच वाटलं होतं. पण ही बाई खरोखरच प्रश्न विचारत नसे! 'चहा घेणार का' नाही, "चहा आहे." 'बरं नाही का' नाही, "आवाज बसलाय तुझा." 'केम छो' हाही शेवटी प्रश्नच, म्हणून तो गाळून फोन उचलला की थेट "मजामां" म्हणून मोकळ्या. सुरुवातीला मी कपाळाला हात लावायचे. मानसशास्त्रात एम.ए. केलेली बाई मी, प्रश्न विचारणं हाच माझा धंदा. कुठला प्रश्न आधी, कुठला नंतर, कुठल्या प्रश्नाला मान किती कलती ठेवायची, सगळं शिकून आलेली. आणि ह्या बाईंसमोर "आज डबा आणलेला नाहीस" एवढं ऐकलं की पाच मिनिटांत मी सासूबाईंच्या गुडघ्यापासून नवऱ्याच्या बदलीपर्यंत सगळं ओकून मोकळी. मग घरी जाताना स्कूटरवर स्वतःलाच शिव्या घालत जायचे.

मी तेव्हा एका संस्थेत होते. तरुण मुलामुलींच्या मनाच्या दुखण्यांवर वस्तीतच काहीतरी करायचं, जी माणसं दवाखान्याची पायरी चढत नाहीत त्यांच्यासाठी करायचं, आणि वस्तीतल्याच माणसांनी करायचं, असं आमचं काम. त्यासाठी प्रतापनगरला जागा हवी होती. नलूबेननी पुढची खोली फुकट दिली. मी हरखले. माझा हरखण्याचा आवाज खाली यायच्या आत त्यांनी अटी सांगितल्या. खुर्च्या नकोत, सतरंजी आहे. नावं लिहायची नाहीत. आणि कुणाला काही विचारायचं नाही.

"मग करायचं काय, नलूबेन?"

"बसायचं."

"नुसतं?"

"नुसतं नाही. शेंगा सोलायच्या, पापडी निवडायची. हाताला काम असलं की डोळे खाली राहतात. डोळे खाली असले की माणूस बोलतो. नाही बोलला तर भाजी तरी होते."

नाव काय द्यायचं, ह्यावरही आमचं वाजलं. मी दोन-चार चांगली नावं काढली होती, आशा, उमेद वगैरे. त्यांनी ती ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "बसणं." झालं. ठरलं.

आता पुढचं सांगायची मला लाज वाटते, पण रेश्मानं दम दिलाय की सगळं लिहा. फाटकावर लावायचा पत्रा रंगवून आणायचं काम माझ्याकडे होतं. मी रंगाऱ्याला मोबाइलवर मराठीत मजकूर पाठवला: 'बसणं, दर गुरुवारी, ४ ते ६'. वर फोनवर सांगितलं, "आनुं गुजराती करी नाखजो," ह्याचं गुजराती करून टाका. आणि बघायला गेले नाही, कारण मला दुसऱ्या दिवशी रिपोर्ट द्यायचा होता. रंगारी बिचारा सरळ माणूस. 'बसणं' आणि 'चार ते सहा' दिसल्यावर कुठला गुजराती माणूस दुसरं काय समजेल? त्यानं झोकात रंगवून दिलं: 'बेसणुं'.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गुजरातेत माणूस गेला की घरचे लोक एक दिवस ठरवतात, बहुतेक चार ते सहा, आणि लोक पांढरे कपडे घालून येऊन बसून जातात. त्याला बेसणुं म्हणतात, आम्ही बडोदेकर बेसणं म्हणतो. पेपरात रोज पानभर बेसण्यांच्याच जाहिराती असतात. आणि आम्ही तरुणांच्या मनःस्वास्थ्याच्या केंद्रावर, मोठ्या अक्षरांत, दर गुरुवारी मयताला यावं अशी पाटी लावली!

पहिल्या गुरुवारी पहिला आला तो पासष्टीचा एक गृहस्थ, पांढरा लेंगा, पांढरा सदरा. चपला काढून, हात जोडून, हळूच विचारतो, "कोण गुजरी गयुं?" कोण गेलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी काहीतरी समजावायला पुढे होते आहे, तेवढ्यात नलूबेन आतून म्हणाल्या, "कोणी नाही. आलाच आहात तर बसा. चहा आहे." तो माणूस बसला! तासभर बसला, वाटीभर लसूण सोलला, हात जोडून गेला. पुढच्या गुरुवारी पुन्हा आला, ह्या वेळी चौकड्याचा शर्ट घालून.

तो गेल्यावर मी रंगाऱ्याला फोन लावला, आत्ताच्या आत्ता ये आणि पुसून टाक. नलूबेननी माझ्या हातातून फोन घेतला आणि त्याला सांगितलं की पाटी फार छान झाली आहे.

"अहो नलूबेन! लोक काय म्हणतील? हे अशुभ आहे!"

"मेधा, बस."

"मला वेळ नाही बसायला."

"बरं, उभ्यानं ऐक. बेसण्याला बोलावणं लागत नाही. कुणीही येतं. तू कोण, कुणाचा, का आलास, कुणी विचारत नाही. रडलं तर रडू देतात, गप्प बसलं तर गप्प बसू देतात. उठून गेलं तर कुणी मागून हाक मारत नाही. एवढी सोय तुझ्या दुसऱ्या कुठल्या नावात नाही."

मी हात टेकले. पण खरं सांगते, कित्येक वर्षं मला ती पाटी दिसली की डोक्यात तिडीक जायची, आणि कुणी हसून विचारलं की हे काय लिहिलंय, तर नलूबेन चटकन म्हणायच्या, "माझीच चूक. मला गुजराती लिहिता येत नाही." चाळीस वर्षं गुजरात्यांत राहिलेली बाई! माझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही, आणि मीही पुढे होऊन कबूल केलं नाही.

हळूहळू लोक यायला लागले. रेश्मा आली. ती लहरीपुऱ्यात एका दुकानासाठी साड्यांना फॉल लावते. जन्मली तेव्हा घरच्यांनी मुलाचं नाव ठेवलं होतं, पुढे घर सुटलं, नाव सुटलं, आधार कार्डावर मात्र ते अजून चिकटून आहे. पहिल्या दिवशी तिनं फाटकातूनच विचारलं, "माझ्यासारखी चालेल?" नलूबेन म्हणाल्या, "सुई चालवणारीचे हात हवेच होते. वालपापडीच्या शिरा फार बारीक असतात." झोपाळ्यावरची डावी बाजू तेव्हापासून रेश्माची. कॉलेजातली दोन मुलं यायची, वर्कशॉपातली एक अप्रेंटिस मुलगी यायची. मी एकटी प्लास्टिकच्या खुर्चीवर. ती मी स्वतः विकत आणली होती, कारण मांडीवर लॅपटॉप ठेवायचा तर सतरंजीवर बसून कसं चालेल? दर गुरुवारी नलूबेन एकदा म्हणायच्या, "मेधा, बस." दर गुरुवारी मी म्हणायचे, "बसलेयच की."

आणि मग जिग्ना आली.

एकोणीस वर्षांची. वडील खंडेराव मार्केटात भाजी विकतात. कॉलेज सोडलेलं, केस विंचरलेले नाहीत, मनगटं अशी की बांगडी कोपरापर्यंत चढावी. आई तिला हाताला धरून सोडून गेली आणि जाताना माझ्या कानात सांगून गेली, "नाव कुठे लिहू नका हां. वेड्यांच्या यादीत नाव आलं असं हिच्या पप्पांना कळलं तर घराबाहेर पाऊल टाकू देणार नाहीत." जिग्ना बसली. सहा वाजता उठून गेली. एक अक्षर बोलली नाही. असे आठ गुरुवार.

आठ! मला रात्री झोप लागेना. ही मुलगी साधी उदास नाही, हिला डॉक्टर हवा, औषध हवं, हे कुणाही शिकलेल्या माणसाला दिसत होतं. मी नलूबेनना म्हटलं, ह्या मुलीचं काही बरंवाईट झालं तर? त्या म्हणाल्या, "दर गुरुवारी जरा जवळ बसते. आधी दाराशी होती." मी म्हटलं, सतरंजीवर किती फूट पुढे सरकली हे मोजून आजार बरा होत नाही. नवव्या गुरुवारी नलूबेन चहा टाकायला आत गेल्या, आणि मी माझी प्रश्नावली काढली. गेल्या दोन आठवड्यांत तुला असं वाटलं का, तसं वाटलं का, कितीदा वाटलं. मान अगदी शिकवल्याप्रमाणे कलती ठेवून. तिसऱ्या प्रश्नाला जिग्नानं हातातली शेंग खाली ठेवली, चपला घातल्या आणि गेली. त्यानंतर तीन गुरुवार ती आली नाही.

नलूबेन मला बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुझं चुकलं नाही. घाई झाली." आणि दुसऱ्या दिवसापासून ही बाई रोज सकाळी दोन बसा बदलून खंडेराव मार्केटात जायला लागली. प्रतापनगरला दारावर भाजीवाला येतो, तरी! जिग्नाच्या वडलांकडून पाव किलो काहीतरी घ्यायचं आणि "भाजी ताजी आहे" म्हणून परत यायचं. मुलीचं नाव नाही, चौकशी नाही. मी चिडून म्हटलं, अहो, निदान विचारा तरी कशी आहे! सव्विसाव्या की सत्ताविसाव्या दिवशी गाळ्यावर वडलांच्या जागी जिग्ना बसली होती. नलूबेननी पाच किलो तुरीच्या शेंगा घेतल्या. "एवढ्या माझ्यानं सोलून व्हायच्या नाहीत," म्हणाल्या. "उद्या गुरुवार आहे." जिग्ना आली, पिशवी स्वतः उचलून घेऊन आली.

त्याच सुमाराला आमच्या वरच्या ऑफिसातून पत्र आलं. किती जण येतात, कोण येतात, नाव, वय, ओळखपत्राचा नंबर, रजिस्टर पाठवा. मी नलूबेनच्या पाया पडायची बाकी राहिले होते. शेवटी त्या म्हणाल्या, "ठेव रजिस्टर. लिहीन." मला वाटलं, जिंकले! दोन महिन्यांनी वरच्या ऑफिसातले आमचे सर स्वतः पाहणीला आले, आणि मी ते रजिस्टर न उघडता त्यांच्या हातात दिलं. हो, न उघडता. पाटीवरून मी काही शिकले नव्हते.

सरांनी वाचायला सुरुवात केली. "चार दहा, मेमू, वेळेवर. चार पंचवीस, पॅसेंजर, सगळी स्टेशनं घेत. चार चाळीस, मालगाडी, सिग्नलला थांबली आहे, हरकत नाही. पाच पन्नास, स्पेशल, चहा घेऊन पुढे." पानंच्या पानं असंच. सरांचा चेहरा बघवेना. रेश्मा तोंडात पदर कोंबून बसलेली.

"ही काय चेष्टा आहे?" सर म्हणाले.

"चेष्टा नाही," नलूबेन म्हणाल्या. "कोणती गाडी आली, कधी आली, किती थांबली, सगळं खरं आहे. आत कोण बसलंय हे लिहायचं काम आमच्या खिडकीचं नव्हतं."

"बाई, नावं नसतील तर संस्थेला हे काम चालू ठेवता येणार नाही."

तेवढ्यात रेश्मा म्हणाली, "सर, माझं कोणतं लिहिणार? कार्डावरचं की माझं?" सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जिग्ना दाराच्या आड उभी होती, चपला हातात घेऊन, पळायच्या तयारीत. ते फक्त मला आणि नलूबेनना दिसत होतं. मला सरांना सांगता आलं असतं की महिनाभरात नावं देते. नोकरी होती माझी. जीभ वळली नाही.

संस्थेनं आपला बोर्ड काढून नेला. बेसण्याची पाटी राहिली. मला अलकापुरीच्या ऑफिसात टेबलावर बसवलं. दर गुरुवारी अर्धी रजा टाकून मी प्रतापनगरला जायचे आणि पोचल्या पोचल्या भांडायचे, की तुमच्यामुळे हे झालं. नलूबेन म्हणायच्या, "चहा आहे."

पण जिग्नाचं सांगते. थंडी सरता सरता ती एकदा बोलली. शेंगा सोलता सोलता, खाली बघत, अगदी सहज, की सकाळ झाली की मला रडू येतं, सकाळ व्हायलाच नको असं वाटतं. सगळ्यांचे हात थांबले. मी खुर्चीतून उठले. नलूबेननी माझ्याकडे असं पाहिलं की मी परत बसले. मग त्या जिग्नाला म्हणाल्या, "मला उद्या सरकारी दवाखान्यात जायचंय. मनाच्या डॉक्टरकडे. एकटीला भीती वाटते."

दुसऱ्या दिवशी जिग्ना त्यांच्या सोबतीला गेली. आणि ह्या बाईनं केलं काय, तर खरोखर स्वतःच्या नावानं केसपेपर काढला! दोन तास रांगेत बसली, डॉक्टरांसमोर स्वतःचं रडगाणं गायली, झोप येत नाही, हल्ली विसरायला होतं. जिग्ना शेजारी बसून बघत होती, इथे कुणी ओरडत नाही, कुणी बांधून ठेवत नाही, डॉक्टर साधा चष्मेवाला माणूस आहे. नलूबेनचं झाल्यावर ती आपण होऊन म्हणाली, "मलाही दाखवायचंय." तिची औषधं त्या दिवशी सुरू झाली. पुढच्या वर्षी ती परत कॉलेजात गेली. बापाला पुढे तिनं स्वतःच सांगितलं. नलूबेनबरोबर राहून तिला मराठीही येऊ लागलं, बडोद्याचं, अर्धं गुजराती मिसळलेलं.

मी ही गोष्ट पुढे कितीतरी ठिकाणी सांगितली. नलूबेनचं काय डोकं बघा, आजाराचं सोंग करून मुलीला दवाखान्यात नेलं! लोक टाळ्या वाजवायचे.

सोंग नव्हतं ते.

मला कधी कळायला हवं होतं ते सांगते. दोन वर्षांपूर्वी एका गुरुवारी नलूबेननी मला विचारलं, "चहा झाला का?" मी हसले. म्हटलं, "अरे वा, नलूबेन! विचारलंत की! हरलात!" त्याही हसल्या, पण जराशा उशिरानं. पुढच्या आठवड्यात "आज वार कोणता?" मग "शेंगा कोणी आणल्या?" मी, मनाची डॉक्टरकी शिकलेली, मी त्यांना चिडवत राहिले! प्रश्न न विचारणारी बाई दर आठवड्याला प्रश्न विचारते आहे, आणि मी आपली जिंकल्याच्या तोऱ्यात. सुरतेच्या मुलीचा फोन आला, आई दूध उतू घालवते, घराचा रस्ता चुकते, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

मी जिग्नाला विचारलं तर ती मान खाली घालून म्हणाली, तिला त्या पहिल्या दिवसापासून माहीत होतं. डॉक्टरांनी नलूबेनना तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते. पाच मिनिटांनी त्यांना एकच आठवला. परत येताना बसमध्ये त्या जिग्नाला म्हणाल्या होत्या, "मेधाला सांगायचं नाही. ती माझी प्रश्नावली भरेल." नंतर दर महिन्याला दोघी जणी मिळून दवाखान्यात जायच्या, एकमेकींच्या गोळ्यांची आठवण ठेवायच्या.

मी ओरडले. ओट्यावर उभी राहून, शेजारपाजारी बघत असताना ओरडले. इतकी वर्षं! एकीनंही मला सांगू नये?

"तुम्ही विचारलं नाही," जिग्ना म्हणाली. मग तिलाच ते बरं वाटलं नाही. "इथे कोणी विचारत नाही ना, मेधाबेन."

हाच, हाच तर माझा राग होता पहिल्यापासून! विचारायला हवं असतं काही वेळा. मी ते शंभरदा सांगितलं होतं. पण एवढं बोलून मला रडूच कोसळलं, कारण प्रश्नावलीची भीती त्या बाईला माझ्यामुळे वाटत होती, आणि मी तिच्याजवळ जाऊन साधं बसले असते तर मलाही दिसलं असतं.

मुलगी त्यांना न्यायला आली. घर बंद ठेवायचं ठरत होतं. आता 'बसणं' संपलं, हे आम्ही सगळ्यांनी मनाशी धरलं होतं. रिक्षा दारात उभी, सामान भरलेलं. नलूबेन फाटकाशी थांबल्या, कमरेच्या पिशवीत हात घातला आणि जिग्नाच्या हातावर काहीतरी ठेवलं.

"किल्ली आहे," म्हणाल्या.

मुलीनं आईकडे पाहिलं, जिग्नाकडे पाहिलं, आणि मान हलवून आईला रिक्षात बसवलं. दर गुरुवारी खोली उघडत राहिली.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं, ह्याच थंडीत. मुलगी त्यांना दोन दिवसांसाठी घेऊन आली होती, योगायोगानं गुरुवार. सव्वाचारला रिक्षा थांबली. आम्ही सगळे आत होतो, सतरंजीवर तुरीच्या शेंगांचा ढीग. नलूबेन मुलीचा हात धरून उतरल्या. बारीक झाल्या होत्या. फाटकाजवळ आल्या आणि थांबल्या. वर बघून पाटी वाचली, ओठ हलवत, पूर्ण वाचली. मग पदर डोक्यावरून घेतला, चपला बाहेर काढल्या, हात जोडले आणि दारात उभ्या राहून हळू आवाजात विचारलं,

"कोण गेलं?"

मुलीनं तोंड फिरवलं. मी उभी राहिले, सांगायला, की नलूबेन, हे तुमचं घर, ही तुमची खोली, ही पाटी माझ्या चुकीनं लागली, माझ्या, तुमच्या नाही. एवढी वर्षं जे सांगायचं राहिलं होतं ते सगळं ओठांवर आलं, पण जिग्ना माझ्या आधी बोलली.

"कोणी नाही गेलं, बेन," जिग्ना म्हणाली. "सगळे आहेत. आलात तर बसा. चहा आहे."

त्या आत आल्या. स्वतःच्याच घरात परक्यासारख्या कडेला, भिंतीजवळ बसल्या. रेश्मानं त्यांच्यापुढे शेंगांचं ताट सरकवलं. हात आपोआप चालू लागले. दाणे एकीकडे, सालं एकीकडे, काही चुकत नव्हतं.

मी खुर्चीपाशी उभी होते आणि माझं रडं आवरत नव्हतं. नलूबेननी मान वर केली. मला ओळखलं नाही, ते डोळ्यांत दिसत होतं. त्यांना वाटलं असावं, गेलंय ते माणूस माझंच. त्यांनी काही विचारलं नाही. ताट उचललं, थोड्या सरकल्या आणि शेजारची सतरंजी हातानं झटकून सारखी केली.

मी बसले.